थळातला शेजार

धुळ्याहून साक्रीकडे जाणारा रस्ता पांझरेच्या खोऱ्यातून जातो. रस्त्यावरून दिसत नाहीत, पण काठाकाठाने चालले की नदीत ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे लागतात. वीसेक वर्षे सवड मिळेल तेव्हा मी ते पाहत हिंडतो आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणे हा माझा धंदा. या धंद्याचा विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

लहान शेतकरी एकमेकांच्या मदतीला धावत, असे आपण नेहमी ऐकतो. ते का धावत, हा माझा प्रश्न होता. शेतीतल्या मदतीला आपल्याकडे जुनी नावे आहेत. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवी. आज तुझे शेत, उद्या माझे. ही सावड. एखादा मागे पडला तर पाच-दहा जण आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरत आणि तो सगळ्यांना जेवू घाली. ती इर्जिक. दोन्हींत फेडीचा हिशेब होता, पण तो माणसामाणसांतला. मन फाटले की सावड मोडे. पांझरेकाठी मात्र मदतीची अशी एक तऱ्हा होती, की मन फाटले तरी ती मोडता येत नसे. ती म्हणजे फड पद्धत.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, ही पद्धत तीन-चारशे वर्षांपासून चालत आल्याचे अभ्यासक मानतात. बंधाऱ्याने नदीचे पाणी अडवायचे, पाटाने ते काठच्या जमिनीत न्यायचे आणि पुढे चाऱ्या-सारंगांनी वाटायचे. बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे साधारण चार भाग, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि दरवर्षी पिकांची पाळी फिरायची. माझे शेत आहे म्हणून मी वाटेल ते पेरीन, ही सोय नव्हती.

यातली खरी मेख जमिनीच्या वाटणीत आहे. एका कुटुंबाची जमीन एकाच ठिकाणी नसे. या फडात एक तुकडा, त्या फडात दुसरा, अशी ती विखुरलेली असे. नकाशा पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. मलाही वाटला होता. पण नदीला पाणी कमी असलेले साल डोळ्यांसमोर आणा. चारही फड भिजणार नाहीत हे दिसले की पंच ठरवीत, यंदा दोनच फडांना पाणी. ज्यांची जमीन सगळ्या फडांत, त्यांचे थोडे बुडे आणि थोडे तरे. एकट्याचे सगळे बुडाले आणि शेजाऱ्याचे सगळे तरले, असे सहसा होत नसे. शेजाऱ्याचा बांध फुटला तर तो बुजवायला धावणे हा परोपकार राहत नाही. त्याच पाटावर पुढे आपलाही तुकडा असतो.

पाणी धरायचा अधिकारही मालकाकडे नव्हता. पाटकरी प्रत्येकाचे शेत पाळीने भिजवी. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, उभ्या पिकाच्या राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर पंच. यांचा मोबदला बहुधा धान्यातून निघे. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यावा लागे. कुदळ-पावडी घेऊन गाव पाटात उतरे, तेव्हा कालच्या भांडणातले दोघेही शेजारी शेजारी उभे राहत.

हे लिहिताना मी स्वतःलाच सावध करतो. थळात जमीन असलेल्यांचाच हा शेजार होता. रात्र रात्र पीक राखणाऱ्या जागल्याला धान्य मिळे, पण पाळी मिळत नसे. पाळी जमिनीला होती, माणसाला नव्हती. गावगाड्याच्या गोडव्यात ही ओळ गळते. ती गळू नये.

आता घरची गोष्ट. आमचाही एक तुकडा थळात होता. मी शाळेत असताना नानांनी विहीर खणली आणि वीजपंप बसवला. आता पाळीची वाट नको, पंचांचे पीक नको. पुढच्या साली पाट साफ करायचा दिवस आला, तेव्हा नाना गेले नाहीत. खालच्या टोकाला जमीन असलेले आबा बोलवायला घरी आले. नाना म्हणाले, “मना आते पाटसंगे काय संबंध?” आबा काही बोलले नाहीत. पाणी प्याले आणि गेले. पुढे विहिरी वाढत गेल्या, पाटात उतरणारे कमी होत गेले, गाळ साचला आणि टोकापर्यंत पाणी पोचेना. आबांनी जमीन विकली.

नानांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या उसावर मी शिकलो आणि आज पोट भरतो ते त्याच पंपांवर. पुढे वर लाटीपाडा, मालनगाव, अक्कलपाडा ही धरणे झाली आणि नदीचे वाहणेही बदलले. पण आमच्या थळाचा शेजार धरणाने मोडला नाही. ज्या दिवशी आबांच्या पाण्यावाचून आमचे अडेनासे झाले, त्या दिवशी तो मोडला.

एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषीने १९९० च्या आपल्या ग्रंथात स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पाटकऱ्यांचा अभ्यास मांडला. तिथले पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी कॅथीड्रलच्या दाराशी बसते. सामाईक साधन लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात, हे दाखवून दिल्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडेही २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा झाला. त्यातून पाणीवापर संस्था उभ्या राहतात. मात्र संस्थेची नोंदणी होऊ शकते. एकमेकांवाचून अडण्याची नोंदणी होत नाही.

आता विहिरींचे पाणी खोल चालले आहे. दुकानात मोटार घेऊन येणारे विचारतात, अजून किती फूट खाली सोडू? मी आकडा सांगतो. मनात मात्र आबा येतात, ओट्यावर तांब्या ठेवून न बोलता निघालेले. ते बोलवायला आले होते, मागायला नव्हे. हा फरक कळायला मला वीस वर्षे बंधारे पालथे घालावे लागले.