भाल्याखाली विकलेली घरे

रोमन प्रजासत्ताकात सरकारी लिलाव निघाला की चौकात जमिनीत एक भाला रोवला जाई. शत्रूकडून हत्याराच्या बळावर जे मिळवले तेच सर्वांत पक्क्या मालकीचे, ही जुनी समजूत त्यामागे होती. दवंडीवाला मालाचे नाव पुकारी, बोली चढत जाई आणि शेवटची बोली लावणारा जामीनदार देऊन माल ताब्यात घेई. लॅटिनमध्ये 'हास्ता' म्हणजे भाला. पुढे लिलावालाच हे नाव पडले आणि पोर्तुगीज कायद्याच्या भाषेत जाहीर लिलावाच्या नावात ते आजही टिकून आहे. (आपला 'लिलाव' हा शब्दही पोर्तुगीज 'लेइलांव'वरून आलेला. भाल्याशी मात्र त्याचे काही नाते नाही.)

जप्त झालेली संपूर्ण मालमत्ता एकगठ्ठा विकत घ्यायची आणि मग घर वेगळे, शेत वेगळे, गुलाम वेगळे अशी फोड करून नफ्याने विकायची, हा धंदा करणाऱ्यांना 'सेक्तोर' म्हणत. या शब्दाचा दुसरा अर्थ 'कापणारा' असा होतो. सिसेरोने भर न्यायालयात यावर कोटी केली होती: गळे कापणारे आणि मालमत्ता उचलणारे एकच. ही कोटी समजण्यासाठी इ.स.पू. ८२ कडे जावे लागते.

त्या वर्षी यादवी युद्ध जिंकून सुल्ला रोममध्ये शिरला आणि त्याने शत्रूंच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या. प्लुटार्क सांगतो, पहिल्या यादीत ८० नावे होती. एक दिवस सोडून आणखी २२०, आणि मग पुन्हा तितकीच. यादीत नाव आले की त्या माणसाला कोणीही मारावे, बक्षीस घ्यावे. त्याची मालमत्ता सरकारजमा. याद्या राजकीय वैराच्या होत्या, पण फार काळ तशा राहिल्या नाहीत. अमक्याला त्याच्या वाड्याने मारले, तमक्याला त्याच्या बागेने, असे लोक बोलू लागले. राजकारणाशी काडीचा संबंध नसलेला क्विंटस ऑरेलियस नावाचा एक गृहस्थ चौकात यादी वाचायला गेला आणि तिच्यात त्याला स्वतःचेच नाव दिसले. अल्बा इथली आपली जमीन आपल्या जिवावर उठली, एवढे बोलून तो निघाला आणि थोड्याच अंतरावर मारला गेला.

या लिलावांतून वर आलेले सर्वांत प्रसिद्ध नाव मार्कस क्रॅससचे. ३०० टॅलेंटपासून सुरुवात करून तो ७१०० टॅलेंटपर्यंत पोचला. जप्तीची घरे त्याने स्वस्तात घेतलीच, शिवाय आग लागलेली आणि आगीच्या शेजारची घरेही तो भेदरलेल्या मालकांकडून क्षुल्लक किमतीला घेई. वास्तुकार आणि गवंडी असलेले ५०० हून अधिक गुलाम त्याच्या पदरी होते. इथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. क्रॅससने खासगी अग्निशमन दल ठेवले होते आणि सौदा ठरेपर्यंत ते आग विझवत नसे, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. प्लुटार्कच्या मजकुरात आग विझवणारे कोणीच नाहीत. आहेत ते बांधकाम करणारे. क्रॅससला घर वाचवण्यात रस नव्हता, त्याला जागा हवी होती.

क्रॅसस तरला, म्हणून हा धंदा बिनधोक वाटतो. पण त्याचीही वेळ आली होती. ब्रुटियम प्रांतात त्याने एका माणसाचे नाव सुल्लाच्या हुकमाविना, केवळ मालमत्तेच्या लोभाने यादीत घातले, असे म्हणत. सुल्लाने त्यानंतर त्याला सार्वजनिक कामात कधी वापरले नाही.

सुल्लाचा मुक्त केलेला गुलाम क्रिसोगोनस याने तर ६० लाख सेस्टर्सची मालमत्ता अवघ्या २००० सेस्टर्समध्ये घेतली. मूळ मालक सेक्स्टस रोसियस याचा रोममध्ये खून झाला होता. जप्ती आणि लिलावांची मुदत इ.स.पू. ८१ च्या १ जूनला संपल्यानंतर त्याचे नाव मागाहून यादीत घुसवण्यात आले. वारस असलेला मुलगा जिवंत होता, हीच खरेदीदारांची अडचण. म्हणून त्याच्यावरच पितृहत्येचा खटला भरला गेला. इ.स.पू. ८० मध्ये तरुण सिसेरोने त्याचा बचाव केला आणि तो सुटला. भाल्याखाली घेतलेल्या प्रत्येक घरामागे असा एक वारस कुठेतरी जिवंत असे, आणि खरेदीदाराचा हक्क त्याला गप्प ठेवणाऱ्या सत्तेइतकाच टिकाऊ असे. म्हणूनच सुल्लाने यादीतल्या लोकांच्या मुलांना सरकारी पदांची दारे बंद केली. हा कायदा इ.स.पू. ४९ पर्यंत टिकला. तो सूडाचा तर होताच, पण लिलावात घरे घेतलेल्यांचे कवचही होता.

तरीही हे कवच कच्चेच निघाले. सुल्ला मेला आणि इ.स.पू. ७२ मध्ये त्याने मर्जीतल्या खरेदीदारांना माफ केलेली रक्कम परत वसूल करण्याचा कायदा कॉन्सल लेंटुलस याने मांडला. म्हणजे लिलाव होऊन दहा वर्षे लोटल्यावर जुनी उधारी दारात उभी. पुढे इ.स.पू. ६३ मध्ये रुल्लस या लोकप्रतिनिधीच्या जमीन विधेयकात सुल्लाच्या काळातल्या ताब्यांना निर्वेध मालकी देणारे कलम होते. सिसेरोने लगेच बोट ठेवले: रुल्लसच्या सासऱ्याकडेच अशा जमिनी आहेत. विधेयक बारगळले. पण १९ वर्षांनीही असे कलम कोणाला तरी हवेसे वाटावे, यातच सारे आले.

सिसेरोला हा खेळ पुढे स्वतःच्या घराच्या रूपाने भोगावा लागला. इ.स.पू. ६२ मध्ये त्याने पॅलाटाइन टेकडीवरचे घर क्रॅससकडून ३५ लाख सेस्टर्सना घेतले होते. कर्ज इतके झाले की आता एखाद्या कटात सामील व्हावे म्हणतो, अशी थट्टा त्याने स्वतःच पत्रात केली. चार वर्षांनी त्याचा वैरी क्लोडियस याने त्याला हद्दपार करवले, घर पाडले आणि जागा विक्रीला काढली. विकणारा क्लोडियस, घेणाराही क्लोडियसच. पण नाव लावले स्काटो नावाच्या एका कफल्लक माणसाचे. सिसेरोच्या शब्दांत सांगायचे तर ज्याला स्वतःच्या गावी पावसात उभे राहायला छप्पर नव्हते, त्याने रोममधले उत्तम घर घेतल्याचे दाखवले गेले. जागेच्या एका भागावर क्लोडियसने स्वातंत्र्यदेवतेचे देवालय उभारले. देवाची जागा परत मागणार कोण? पण इ.स.पू. ५७ मध्ये सिसेरो परतला. ते अर्पण वैध नसल्याचा कौल पुरोहितमंडळाने दिला, जागा मूळ मालकाला मिळाली आणि बांधकामासाठी २० लाख सेस्टर्सही मंजूर झाले. त्यावर क्लोडियसने त्याच नोव्हेंबरात हत्यारबंद माणसे पाठवून गवंड्यांना हाकलून लावले आणि शेजारच्या, सिसेरोच्या भावाच्या घराला आग लावली.

दुसरे यादवी युद्ध सीझरने जिंकले आणि भाला पुन्हा चौकात आला. पब्लियस सुल्ला हा हुकूमशहा सुल्लाचा नातलग दोन्ही काळांत खरेदीला हजर होता; या दोन लिलावांत ३६ वर्षांचे अंतर आहे, असे सिसेरोने नोंदवले. तो मेला तेव्हा दरोडेखोरांनी मारला की अपचनाने गेला याची लोकांना फिकीर नव्हती. आता सीझरचा लिलाव थंडावणार, हीच चर्चा होती.

पण खरी फजिती झाली मार्क अँटनीची. इ.स.पू. ४७ मध्ये पॉम्पेची मालमत्ता ज्युपिटर स्टेटरच्या मंदिरासमोर लिलावाला निघाली. युद्धात हरून इजिप्तमध्ये मारल्या गेलेल्या त्या सेनापतीचे कारिने वस्तीतले घर रोमला ओळखीचे होते. चाच्यांच्या जहाजांचे नाळ त्याच्या दारात लावलेले होते. बोली लावायला कोणी धजेना. अँटनीने लावली. तो सीझरचा उजवा हात. पैसे कोण मागणार? सीझरनेच मागितले. अँटनी संतापला. माझ्याकडूनच वसुली का, असा त्याचा सवाल होता. प्लुटार्कच्या मते याच रागातून तो सीझरच्या आफ्रिकेतल्या मोहिमेवर गेला नाही. तोवर पॉम्पेची दारू, कपडे, चांदी यांची अँटनीच्या मित्रमंडळींनी वासलात लावली होती. अखेर सैनिक त्याच्या आणि त्याच्या जामीनदारांच्या दारी पोचले. पैसे उभे करायला त्याने स्वतःच लिलावाची यादी काढली, तेव्हा तिच्यात स्वतःचे म्हणावे असे फारच थोडे सापडले आणि लोक हसले. शेवटी त्याला काही दिवसांची मुदत मिळाली. हे सारे सांगणारा सिसेरो त्याचा शत्रू होता, म्हणून तपशिलातले तिखटमीठ वजा करूनच वाचावे. पण पैशांच्या तगाद्याची गोष्ट प्लुटार्कही सांगतो.

सीझरच्या खुनानंतर इ.स.पू. ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी पुन्हा याद्या लावल्या. सिसेरो त्यांतच मारला गेला. आता मात्र भाल्याभोवती गर्दी जमेना. आपियन कारणे देतो: कोणाला दुसऱ्याच्या दुर्दैवावर भर घालायची लाज वाटे, कोणाला ती घरे अपशकुनी वाटत, आणि आपल्याजवळ सोनेनाणे आहे हे दिसले तर पुढचे नाव आपलेच, ही भीती तर सर्वांनाच. मोजक्या धाडसी लोकांनी मातीमोलाने खरेदी केली. तिघांच्या हिशेबात २० कोटी द्राख्मांची तूट राहिली आणि ती भरून काढायला १४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसवायचे ठरले. हॉर्टेन्सियाने चौकात उभे राहून भाषण केले आणि ती यादी ४०० वर आली.

त्या धाडसी खरेदीदारांचेही दिवस भरायचे होते. पॉम्पेचा मुलगा सेक्स्टस सिसिलीत आरमार घेऊन बसला होता; रोमचे धान्य त्याच्या मुठीत होते. इ.स.पू. ३९ मध्ये मिसेनम इथे त्याच्याशी तह झाला. यादीतले जे लोक जीव वाचवून त्याच्याकडे पळाले होते, त्यांना मालमत्तेचा चौथा हिस्सा परत मिळायचा ठरला. तहानंतर मेजवानी कुठे, असे अँटनीने विचारले. सेक्स्टसने आपल्या जहाजाकडे बोट दाखवले: वडिलांचे एवढेच घर आता उरले आहे. 'कारिने' हे रोममधल्या वस्तीचे नाव, आणि लॅटिनमध्ये जहाजाच्या तळालाही तेच म्हणतात. कारिनेतल्या घराचा मालक अँटनी ते ऐकून जेवायला बसला.

ते घर सेक्स्टसला कधीच मिळाले नाही. अँटनीकडेही ते राहिले नाही. इ.स. २ मध्ये ऱ्होड्सहून परतलेला टायबेरियस, म्हणजे पुढचा सम्राट, त्यातून बाहेर पडून एस्क्विलाइनवरच्या मायकेनासच्या बागांत राहायला गेला.