या कबीकज

जुनं अरबी-फारसी हस्तलिखित उघडलं, की पहिल्या किंवा शेवटच्या पानावर कधी कधी दोन शब्द भेटतात : ‘या कबीकज’. कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचं नाव. ती पूर्वी ग्रंथांच्या पानांत ठेवत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. पुढे वनस्पती मागे पडली, नाव उरलं. लोक त्यालाच किड्यांचा राजा समजून हाक मारू लागले. ही हाक लिहिलेल्या पानांनाही भोकं पडलेली आढळतातच!

दोष एकट्या कसरीचा नाही. शाई फुटू नये म्हणून हातकागदाला खळ लावून तो घोटत, बांधणीतही खळच. सुलेखनाला जे हवं, तेच किड्यांचं अन्न.

लिथोछापाचं दुखणं वेगळं. लखनौचा नवलकिशोर छापखाना १८५८ चा. पुढच्या काळातला लाकडी लगद्याचा स्वस्त कागद आतल्या आम्लानेच ठिसूळ होतो. तिथे कबीकज काय करणार? अब्बांची अशी काही पुस्तकं माझ्याकडे आहेत. पान दुमडलं तर तुकडा हातात येतो. पावसाळा सरला की ती सावलीत मोकळी करतो, धुतलेल्या सुती बस्त्यात आडवी ठेवतो. भिंतीला टेकवून नाही, प्लॅस्टिकमध्ये तर नाहीच. चिकटपट्टीही नको. थोरली आता नस्तालिक वाचायला लागली आहे. पान कसं उलटायचं, ते तिला आधी शिकवलं.