वच्छोमीच्या प्रदेशात

मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावी एका दुकानाशी आम्ही थांबलो असता तांड्यावरची एक वृद्ध स्त्री नातवास घेऊन तेथे आली. दुकानदाराशी ती वऱ्हाडीत बोलली, नातवाशी गोरबोलीत. नातवाने मात्र उत्तर दिले ते शाळेतल्या मराठीत. प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु तो वाशीम जिल्ह्यात घडला, म्हणून आमच्या मनातून जाईना.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. चौथ्या शतकातील हा लेख दोन भाषांत आहे. राजाची वंशावळ संस्कृतात. आणि गाव कोणास दिले, त्यास कोणत्या सवलती, हा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. पूर्वजांच्या थोरवीस देवभाषा शोभते, पण अमुक गावाकडून कर मागावयाचा नाही हे अधिकाऱ्यास समजलेच पाहिजे! आम्हांस तरी या विभागणीचा अर्थ असाच लागतो.

प्राकृत केवळ कारकुनाची भाषा राहिली असे मात्र नव्हे. विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतातच रचले. ते आज लुप्त असून साहित्यशास्त्रकारांच्या ग्रंथांतूनच त्याची ओळख उरली आहे. पुढे राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त काव्यरीती सांगताना वैदर्भीस 'वच्छोमी' म्हटले, ते वत्सगुल्मावरून. आणि 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा विवाहही त्याने याच नगरात लावून दिला. राज्य बुडाले तरी गावाचे नाव रीतीस चिकटून राहिले.

तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातील विद्वान शिष्य संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवाचार्यांनी त्यांस अडविले. पंथातील म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, हे त्यांचे कारण. मराठी गद्याच्या इतिहासात याहून वजनदार कारण आम्हांस ठाऊक नाही.

पुढील राजकारण सर्वश्रुत आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये तो हिंदीभाषी जिल्ह्यांच्या मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. स्वभाषेच्या राज्यासाठी येथील मराठी माणसास इतकी वाट पाहावी लागली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृतही होती. लगेच ५ तारखेस, इंझोरीच्याच तालुक्यातील पोहरादेवी येथे, संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानी, बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. वारसा दालनात मांडता येतो. पण त्या समाजाची बोली घटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत नाही. तांड्यावरच्या मुलास पहिली अक्षरे आपल्या घरच्या बोलीतून कळावीत, ही मागणी आम्ही मराठी लोकांनी परकी मानणे विपरीत होय. नागदेवाचार्यांचे कारण आमच्याच घरचे आहे.

इंझोरीच्या त्या आजीने नातवाचे मराठी उत्तर शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न पुन्हा गोरबोलीतच विचारला.