रंगांची जमाबंदी

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे धावणारी भीमा ज्या टप्प्यात उत्तरेकडील शिरूर आणि दक्षिणेकडील दौंड या दोन तालुक्यांची सरहद्द होऊन वाहते, तेथील भूमीचे चित्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ जे या मालिकेत रेखाटलेले असून, घोडनदीच्या काठचे शिरूर त्या मालिकेच्या पाचव्या पत्रात आणि दौंडचे जंक्शन अकराव्या पत्रात येते. या पत्रांच्या समासात कोणत्या रंगाचा व खुणेचा अर्थ काय, हे सांगणारी जी चौकट छापलेली असते, तिला आपण शाळेपासून सूची म्हणत आलो. परंतु हीच चौकट नकाशाचा सर्वांत जबाबदार भाग आहे, असे माझे मत आहे. नकाशातील रंग हा दफ्तर आणि रयत यांच्यामधील करार होय, आणि त्या कराराची कलमे सूचीत असतात.

रंगावरून जमीन ओळखण्याचा शिरस्ता या मुलखात छापील कागदाहून पुष्कळ जुना आहे. वस्तीची जागा ती पांढरी आणि कसण्याची जमीन ती काळी, हा विभाग गावकऱ्याच्या तोंडी होता तसाच कारकुनाच्या लेखणीतही होता. आणि लिहिणारा व वाचणारा हे दोघेही त्याच मातीत वावरत असल्यामुळे त्याला खुलाशाची आवश्यकता भासत नसे. ती भासू लागली, जेव्हा मोजणीचा हुकूम दूरच्या कचेरीतून निघू लागला आणि ज्याने शेत पाहिलेच नाही, त्याने त्या शेताचा सारा ठरवावा अशी व्यवस्था आली तेव्हा.

१८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल या असिस्टंट कलेक्टराने केलेली पाहणी सूक्ष्म सिद्धांतांवर उभी असूनही मोजणीच्या चुकांनी आणि भारी आकारणीने कोसळली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये दौंडच्या शेजारच्या इंदापुरात नव्याने काम आरंभिले, आणि तेथे सिद्ध झालेली पद्धती पुढे भीमथडीत, म्हणजे आजचा दौंड ज्या जुन्या तालुक्याचा भाग होता त्यात, तशीच शिरुराकडेही आली. त्या पद्धतीचे अंतरंग मला विशेष आदरणीय वाटते. शेताचे कच्चे चित्र काढून त्याचे खण पाडावयाचे, प्रत्येक खणात माती किती खोल आहे हे पाहावयाचे, मातीचा पोत व रंग पाहून तिला तीन जातींपैकी एकीत बसवावयाचे, आणि खोली व जात मिळून तिचा वर्ग ठरवावयाचा. वर्ग नऊ, आणि त्यांची किंमत सोळा आण्यांपासून उतरत दोन आण्यांपर्यंत. पहिल्या जातीत काळीभोर वा गर्द तपकिरी, बारीक पोताची जमीन. दुसरीत तिच्याहून भरड आणि बहुधा तांबडी. तिसरीत करड्या-भुऱ्या रंगाची खडकाळ बरड. शिवाय जमिनीच्या दोषांसाठी खुणा ठरलेल्या होत्या: उतार असेल तर तिरपी रेघ, झऱ्यांमुळे पाणी फार राहत असेल तर वर्तुळ, तशाच वाळूच्या आणि चुनखडीच्या निराळ्या, आणि अशी एकेक खूण पडली की जमीन एकेक वर्ग खाली उतरे. ज्या चिन्हाने शेतकऱ्याचा सारा बदलतो, त्या चिन्हाचा अर्थ आधी लेखी ठरवून, तो सर्व कारकुनांवर सारखाच बंधनकारक करण्याचे हे काम १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के झाले. या भागातील नकाशांच्या सूचीचा खरा आरंभ मी येथून मानतो. मात्र त्या चित्रात मातीचा रंग रंगाने दाखविलेला नसे. डोळ्यांनी पाहिलेला काळा वा तांबडा वर्ण कागदावर उतरताना आणे होऊन उतरे.

प्रत्यक्ष रंग नकाशावर स्थिरावले ते विसाव्या शतकात. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीने मैलास एक इंच या प्रमाणाचे नकाशे बहुरंगी छापण्याची दिशा आखून दिली, आणि पुढे एक इंचाऐवजी १:५०,००० हे प्रमाण आले तरी रंगांचा संकेत बदलला नाही: लागवडीखालची जमीन पिवळी, झाडी हिरवी, समोच्च रेषा तपकिरी, वस्ती व रस्ते लाल, बारमाही पाणी निळे आणि कोरडे पात्र काळे. पर्जन्यछायेतील या दोन तालुक्यांत शेवटच्या भेदाचे महत्त्व केवढे आहे, हे पाबळ-केंदूरकडील ओढे उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या ओढ्यांवर निळी रेघ ओढली असती, तर नकाशा पाहून तेथे पाण्याच्या आशेने जाणारा फसला असता.

संकेत एकदा रुजला की तो निसर्गनियमासारखा भासू लागतो, आणि तेथेच घोटाळ्याला वाव मिळतो. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत शिरूर व दौंड यांचे काही भाग गेले, आणि विकास आराखड्याची भाषा खेडोपाडी पोहोचली. त्या आराखड्यात पिवळा म्हणजे निवासी विभाग, हिरवा म्हणजे शेती, जांभळा म्हणजे उद्योग. सर्वेक्षणाच्या पत्रात जो पिवळा पेरलेल्या शेताचा, तोच आराखड्यात घरे बांधण्याच्या परवानगीचा! आज जमिनीचा व्यवहार करणारे प्रथम ‘यलो झोन आहे का’ असे विचारतात, इतका तो एक रंग किमतीशी बांधला गेला आहे. निळ्याची गत याहून नाजूक: पाटबंधारे खात्याच्या पूररेषांत निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुन्या पत्रावर निळ्याच्या आत पाणी असे. येथे निळ्याच्या आत पुष्कळदा कोणाचे तरी उसाचे शेत उभे असते, आणि तेथे बांधकामाला मनाई असते.

कागदाच्या काळात हे निरनिराळे नकाशे निरनिराळ्या कचेऱ्यांत राहत. संगणकाच्या पडद्यावर गट नंबर, आराखडा, पूररेषा आणि उपग्रहाचे छायाचित्र ही सारी एकावर एक पसरतात. अर्धपारदर्शक पिवळ्यावर आकाशी निळा पडला की सूचीत नसलेलीच हिरवट छटा उमटते, आणि खातेदाराला आपली जमीन शेती विभागात गेली असे वाटते. सूची तर बहुधा एखाद्या कळीमागे झाकलेली, आणि मोबाईलच्या लहान पडद्यावर ती उघडली की नकाशाच झाकला जातो. म्हणून थर बदलला की सूचीही त्याबरोबर बदलली पाहिजे, आणि पडद्यावर जो रंग प्रत्यक्ष दिसतो तोच तिच्या चौकोनात असला पाहिजे.

आकड्यांचा चढउतार दाखवावयाचा असेल तेथे भिन्न रंगांची उधळण करू नये. एकाच रंगाची फिकटापासून गडदापर्यंत श्रेणी लावावी, कारण तांबडा मोठा की जांभळा मोठा हे डोळा सांगू शकत नाही, हे फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ झाक बेर्तँ याने १९६७ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. लाल आणि हिरवा यांचा भेद ज्यांना दिसत नाही अशी माणसे, विशेषतः पुरुष, प्रत्येक गावात असतात. त्यांच्यासाठी रंगाच्या जोडीला रेघांचा पोत द्यावा. वर्गांच्या मर्यादा कायद्याच्या मर्यादांशी जुळाव्यात: पिकांच्या पैसेवारीत ५० पैशांची रेषा जेव्हा टंचाईच्या निर्णयाला निर्णायक होती, तेव्हा ४० ते ६० असा एकच वर्ग करून त्याला एकच रंग देणे म्हणजे आपण रेषेच्या कोणत्या बाजूस आहोत हे जाणणे ज्या गावांना सर्वांत निकडीचे, त्यांच्यापासूनच ते लपविणे होते. माहिती नसलेल्या गावाचा रंग शून्याच्या रंगाहून निराळा असावा. आणि सूचीतील शब्द तलाठ्याच्या दफ्तरातले असावेत: जिराईत, बागाईत, पोटखराबा, गावठाण; इंग्रजी आद्याक्षरांच्या जुडग्याने हे काम होत नाही. रंग कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेच्या मंजुरीने दिला, हेही त्याच चौकटीत यावे. आणि खातेदार पडद्यावरून नकाशाची नक्कल काढून घेतो तेव्हा त्या नकलेवर, गट नंबराच्या शेजारीच, ती सूची पूर्ण छापून मिळावी.