एकच बाई, चार राज्यं : वऱ्हाडातल्या नर्सेस आणि परदेशातली नोंदणी

अमरावतीत कुणाला विचारलं, बाळ कुठं झालं, तर उत्तर येतं, ‘डफरीनला’. अकोल्यात उत्तर येतं, ‘लेडी हार्डिंगला’. अपघात झाला की अमरावतीचा माणूस अजून ‘इर्विनला’ नेतात. पाट्या बदलल्या, सरकारी नावं बदलली, तरी व्हाइसरॉयच्या घरातली ही तीन नावं वऱ्हाडाच्या तोंडून गेली नाहीत. पण त्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या बायांची नावं सांगा म्हटलं तर आपण गप्प होतो. त्यांना आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि पुढं जातो.

त्या बायांची नावं एकाच ठिकाणी नीट लिहिलेली असतात, ते म्हणजे नर्सेसच्या नोंदणीचं रजिस्टर. आज आम्ही या रजिस्टराबद्दलच बोलणार आहोत. विषय आम्हाला अकोल्याच्या एका श्रोत्या मुलीनं दिला. ती जीएनएम झालेली, परदेशी जायच्या खटपटीत. तिनं विचारलं, ‘माझ्या आजीला मिशनच्या दवाखान्यात गोऱ्या मॅडमनं काम शिकवलं. त्यांचंच शिक्षण आमच्यात आलं. मग त्यांच्या देशात गेलं की माझं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून काहून तपासतात?’ प्रश्न सरळ आहे. उत्तर शोधायला मात्र सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

सुरुवात उलट्या बाजूनं करू. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाहून एमडी झाल्या आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली. त्यांची अमेरिकन पदवी तपासायला इथं कोणतंही काउन्सिल नव्हतं. डॉक्टरांच्या नोंदणीचा हिंदुस्थानातला पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला, तोही 1912 साली. म्हणजे आनंदीबाईंना समाज आडवा आला, हवामान आडवं आलं, आजार आडवा आला, पण रजिस्टर आडवं आलं नाही. ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

नर्सेसचं रजिस्टर त्याच्याही नंतरचं. देशपातळीवर पहिला मान न्यूझीलंडचा, 1901. इंग्लंडमध्ये मोठी भांडणं होऊन 1919 साली कायदा झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः नोंदणीच्या विरोधात होत्या, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. परीक्षा घेऊन चांगली नर्स ओळखता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नोंदणीच्या बाजूनं लढल्या त्या एथेल बेडफर्ड फेनविक, आणि इंग्लंडचं रजिस्टर उघडलं तेव्हा पहिल्या क्रमांकाला त्यांचंच नाव लागलं.

1919 च्या त्या कायद्यात आपल्या कामाचं एक कलम होतं. साम्राज्यात दुसरीकडं शिकलेल्या नर्सला इंग्लंडच्या रजिस्टरात घेता येईल, पण तिच्या प्रांताचं स्वतःचं रजिस्टर असलं पाहिजे आणि त्या प्रांतानं इंग्लंडच्या नर्सलाही तसंच घेतलं पाहिजे. याला परस्पर मान्यता म्हणतात. दिसायला न्याय्य आहे. आता वऱ्हाडाकडं बघा. मद्रासनं 1926 साली कायदा केला. आपल्या मध्य प्रांतात तो व्हायला 1936 साल उजाडलं. म्हणजे मधली 17 वर्षं वऱ्हाडची नर्स कितीही हुशार असली, तरी दाखवायला रजिस्टरच नाही. तिच्या हातातल्या कौशल्याचा इथं प्रश्नच नव्हता. दोन सरकारांच्या दोन वह्यांमधली ही देवघेव होती, आणि तिच्या सरकारकडं वही नव्हती.

(वऱ्हाडाची गोष्ट त्यातही अवघड. 1853 पासून कारभार इंग्रजांचा, मालकी कागदोपत्री निजामाची. 1903 साली मध्य प्रांताला जोडलं, तरी तिथला कायदा इथं बराच काळ वेगळा ‘लागू’ करावा लागायचा. आमच्या भागाची कागदपत्रं शोधताना डोकं का दुखतं, ते यावरून कळेल.)

या काळात वऱ्हाडात नर्स व्हायला येत कोण होतं? उच्चवर्णीय घरातली मुलगी येत नव्हती. परक्याचं मलमूत्र काढणं, परक्या पुरुषाला हात लावणं, रात्री घराबाहेर राहणं, ही तिन्ही कामं प्रतिष्ठेच्या बाहेरची. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा तिथंही गहजब झालाच. आपल्याकडं पहिल्या फळीत आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती घरांतल्या मुली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत आईबाप गेलेली पोरं मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली, त्यांतल्या काही मुलींना पुढं हा रस्ता सापडला. ज्या कामाला गाव नाक मुरडत होतं, त्या कामानं त्यांना पगार दिला, राहायला खोली दिली, आणि सरकारी वहीत स्वतःचं नाव दिलं.

त्यांना शिकवणाऱ्या गोऱ्या मॅडम म्हणजे कोण, यासाठी वाशीमचं उदाहरण घेऊ. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा 1998 चा. तिथं 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात चर्च ऑफ द नाझरीनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन सर्जन बाईंनी दवाखाना उभा केला. तोच पुढं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झाला. पाठोपाठ अमेरिकेहून नर्सेस आल्या आणि स्थानिक मुलींना शिकवू लागल्या. त्यांच्या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. कापसाच्या मुलखात, उन्हाळ्यात, विजेशिवाय त्यांनी बाळंतपणं केली.

पण अशा परदेशी नर्सेससाठी आपल्या कायद्यानं काय केलं, ते ऐका. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंडियन नर्सिंग काउन्सिलचा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात अशी सोय आहे, की भारताची नागरिक नसलेली व्यक्ती इथल्या दवाखान्यात नर्स, शिक्षिका किंवा प्रशासक म्हणून काम करत असेल, तर काउन्सिलच्या अध्यक्षांच्या संमतीनं तिचं नाव राज्याच्या रजिस्टरात तात्पुरतं घालता येतं. अध्यक्षांची संमती, एवढंच. भाषेच्या परीक्षेचं त्या कलमात नाव नाही. मराठी न येणारी बाई वाशीममध्ये मराठी बाळंतिणीची शुश्रूषा करू शकत होती. आता कुणी म्हणेल, आपल्याला गरज होती. खरं आहे. पण आज गरज त्यांना आहे, आणि दाराशी उभं राहून परीक्षा आपणच देतोय.

आता शीर्षकातल्या बाईकडं येऊ. समजा, 1948 साली अमरावतीत एका नर्सची नोंद झाली. राज्य कोणतं? मध्य प्रांत आणि वऱ्हाड. 1950 साली त्याचं नाव झालं मध्य प्रदेश. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. बाई इर्विनमधून एक दिवस कुठं हलली नाही, वॉर्डही तोच, आणि बारा वर्षांत चार राज्यांची नावं तिच्यावरून गेली. नोंदणीचा कायदा मात्र मागंच राहिला. विदर्भात 1936 चा, पश्चिमेकडं मुंबईचा वेगळा, अशी स्थिती 1966 च्या महाराष्ट्र नर्सेस कायद्यापर्यंत चालली. तिकडं मध्य प्रदेशात ‘महाकोशल नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिल’ हे जुन्या प्रांताचं नाव पुढंही अनेक वर्षं टिकलं.

याचा त्रास कुठं होतो? घरी असेपर्यंत कुठंच नाही. ब्रिटनमध्ये 1948 साली एनएचएस सुरू झाली आणि वसाहतींतून नर्सेस हव्या झाल्या. तिकडची कचेरी अर्जदाराच्या तोंडच्या शब्दावर जात नाही. ती तिच्या काउन्सिलला विचारते, ही तुमच्या रजिस्टरात आहे का, तिच्यावर कारवाई झाली आहे का? प्रमाणपत्रावर प्रांत एक, पासपोर्टवर राज्य दुसरं, उत्तर देणारी कचेरी तिसऱ्या शहरात. पूर्वी राजधानी नागपूर, म्हणजे सकाळी निघून रात्री परत. मग मुंबई झाली. रात्रीची गाडी धरायची, सकाळी व्हीटीला उतरायचं, आणि खिडकीवर ‘उद्या या’ ऐकायचं. उद्यापर्यंत राहायचं कुठं, हा प्रश्न फायलीत नसतो.

आता थोडं फिलिपिन्सकडं जाऊ, कारण जगभर नर्स म्हटलं की तिथल्या मुली आठवतात. 1898 नंतर तिथं अमेरिकेचं राज्य आलं. नर्सिंगच्या शाळा अमेरिकन धर्तीवर, इंग्रजीतून निघाल्या. 1948 नंतर एक्स्चेंज व्हिजिटर योजनेतून नर्सेस ‘शिकायला’ अमेरिकेत गेल्या आणि तिथं पूर्ण नर्सचं काम करू लागल्या. 1965 च्या कायद्यानं कायम राहायचा रस्ता उघडला. कॅथरीन सेनिझा चॉय या इतिहासकार बाईंनी यावर ‘एम्पायर ऑफ केअर’ नावाचं पुस्तक लिहिलं आहे, जमलं तर वाचा. हे सगळं झाल्यावरही 1977 साली परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासायला सीजीएफएनएस ही संस्था निघाली. ती कुठं निघाली? फिलाडेल्फियात. आनंदीबाईंच्या गावात.

2006 साली फिलिपिन्समध्ये नर्सिंगच्या सरकारी परीक्षेचे दोन पेपर फुटले. आपल्याला पेपरफुटी नवी नाही, तेव्हा पुढचं लगेच समजेल. हजारो मुली पास झाल्या होत्या. बहुतेकींनी फुटलेला पेपर पाहिलाही नव्हता. पण 2007 साली सीजीएफएनएसनं ठरवलं की त्या तुकडीला अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र मिळणार नाही, आधी ते दोन पेपर पुन्हा द्या. मनिलाच्या वहीत नाव पक्कं होतं, फिलाडेल्फियाच्या वहीत ते चाललं नाही. अकोल्याच्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. ज्यांनी शिकवलं त्यांनीही शिक्का आपल्याच हातात ठेवला. इंग्लंडनं आपल्या डॉक्टरांशी हेच दोनदा केलं, 1930 साली आणि पुन्हा 1975 साली.

उरलेलं निम्मं उत्तर तासांमध्ये आहे. युरोपीय संघाच्या नियमात सामान्य नर्सचं शिक्षण म्हणजे किमान तीन वर्षं आणि 4600 तास, त्यात निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णाजवळचे. जर्मनीत अर्ज केला की तुमचे तास त्यांच्या तासांशेजारी मांडतात आणि काय काय कमी पडलं याची लेखी यादी हातात देतात. ती तूट भरायला एक तर परीक्षा द्यायची, नाहीतर तिथल्या दवाखान्यात काही महिने शिकाऊ म्हणून काढायचे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. करार चांगलाच आहे. पण वीस वर्षांपूर्वी साडेतीन वर्षांचं जीएनएम केलेल्या बाईला कोणत्या वॉर्डात किती तास काढले याचा तक्ता शाळेकडून सहीनिशी आणावा लागतो. शाळा बंद पडली असेल तर? मेट्रन वारली असेल तर? आणि एएनएम झालेल्या, खेड्यापाड्यातल्या उपकेंद्रांवर सगळं काम ओढणाऱ्या बाया तर या मोजणीत धरल्याच जात नाहीत.

जातात कशाला, असं विचारणारे लोक आम्हाला भेटतात. पगारासाठी जातात. खाजगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगाराचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2016 साली कोर्टानं समिती नेमायला लावली, आणि 50 खाटांखालच्या दवाखान्यातही महिना 20,000 च्या खाली पगार नसावा असं त्या समितीनं सुचवलं. आपल्या शहरातल्या एखाद्या सिस्टरला तिला किती मिळतात ते विचारून बघा. जमलं तर खालच्या आवाजात विचारा, डॉक्टर शेजारी असतात.

शेवटचा मुद्दा नावाचा, आणि हा अगदी आपल्या घरचा. आपल्याकडं लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात लिहून पहिलं नावही बदलतं. दहावीचं सर्टिफिकेट, नर्सिंगचा डिप्लोमा आणि रजिस्टर माहेरच्या नावानं. आधार, पासपोर्ट सासरच्या नावानं. इकडं आपण म्हणतो, एवढं काय, सगळ्यांना माहीत आहे. परदेशातल्या कचेरीच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया असतात, आणि त्यातली शिकलेली बाई अर्ज करत नाही, अर्ज करणारी बाई शिकलेली नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, विवाह नोंदणी, काउन्सिलकडं नावबदलाचा अर्ज. ज्या मुलीनं आम्हाला प्रश्न विचारला ती सध्या इथंच अडकली आहे. तिच्या सासूबाईंनी हौसेनं ठेवलेलं नाव तिला आवडतं, ही त्यातली पंचाईत.

तिच्या आजीचा कागद आम्हाला अजून मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजीचं, मावशीचं, आत्याचं 1966 च्या आधीचं नर्सिंगचं प्रमाणपत्र असेल, तर आम्हाला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मागच्या बाजूला बहुधा नूतनीकरणाचे शिक्के असतात, कोणत्या साली कोणत्या राज्याचं नाव पडलं ते त्यावरून कळतं. आणि कृपा करून ते लॅमिनेट करू नका. गेल्या महिन्यात एकानं मोठ्या प्रेमानं लॅमिनेट करून आणलं, तर पाठीमागं पांढरा पुठ्ठा चिकटवलेला होता.