उटनूरचा मिस्त्री आणि मद्रासचे इंजिन

२०१२ च्या जानेवारीत मी बुलेटवर एकटाच गोव्याहून आदिलाबादला गेलो होतो. निमित्त केसलापूरच्या नागोबा जत्रेचे. गोंडांच्या मेसराम कुळाची ही जत्रा पौष अमावास्येला भरते. तेलंगण राज्य तेव्हा व्हायचे होते. जत्रा पाहून उटनूरमार्गे मारलवाईला जायचे होते. हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात तिथे राहून गोंडांचा अभ्यास करत होते. पण जत्रेबद्दल पुन्हा केव्हा तरी लिहीन. आज इंजिनाबद्दल.

गाडी १९८६ ची, सेकंडहँड घेतलेली. आदल्या पावसाळ्यात मी तिचे इंजिन स्वतः खोलले होते. आम्हा कारकुनांना फाईल उघडायची सवय असते, ती बंद करणे जमतेच असे नाही! क्रँक बेळगावला उद्यमबागेत पाठवला, सिलिंडर बोअर करून घेतला, ओव्हरसाइझ पिस्टन नि नव्या रिंगा घातल्या. आमच्या गावचा मेस्त बाजूला उभा राहून नुसता हसत होता. त्यामुळे इंदरवेल्ली सोडल्यावर गाडीने दोनदा धाड् केले आणि ती बंद पडली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पिस्टन जॅम झाला असणार. म्हणजे माझीच करणी! वीस मिनिटांनी गाडी चालू झाली, पुन्हा बंद पडली. असे करत, शेवटी ढकलत, उटनूर गाठले.

तिथल्या मिस्त्रीचे दुकान म्हणजे एक पत्रा, एक पेटी आणि एक बाज. वय साठीचे. आदिलाबाद भागात मराठी समजते, त्यामुळे अडचण आली नाही. मी बोअरिंगची सगळी कथा सांगू लागलो. त्यांनी ती ऐकून घेतलीच नाही.

"भाऊ, थंड झाली की चालते ना?"

"हो."

त्यांनी हाताने किक दाबून पाहिली. "दाब आहे. मग पिस्टनला काय झालं? कशाला खोलता?"

प्लग काढून हेडवर टेकवला, मला किक मारायला लावली. ठिणगी पडली, पण पिवळी नि मरतुकडी. कव्हर काढले तर पॉइंट जळून काळे पडलेले. कंडेन्सर गरम झाला की दगा देत होता. पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी तिथेच पिऊन टाकणे हे त्याचे काम. तो बिघडला की वीज पॉइंटवरच खर्च होते, प्लगपर्यंत जोर पोचत नाही. बुलेटचा कंडेन्सर त्यांच्याकडे नव्हता. पेटीतून जीपचा काढला आणि बाहेरून तारेने जोडला. पॉइंट घासून, लग्नपत्रिकेचा तुकडा मधे घालून फट बसवली. दुसऱ्या किकला गाडी चालू!

मला आश्चर्य वाटले ते याचे, की मद्रासला बनलेले इंजिन उटनूरच्या माणसाला इतके पाठ कसे? याचे उत्तर इतिहासात आहे. ३५० सीसीची ही बुलेट मूळ इंग्लंडमधल्या रेडिचची, १९४९ च्या सुमाराची. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी मोटारसायकल हवी होती, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली. मूळची इंग्रज कंपनी १९७० पर्यंत संपली. मद्रासला मात्र तेच ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोकचे लोखंडी सिलिंडरचे इंजिन बनत राहिले. १९७७ पासून तर ते उलट इंग्लंडलाच जाऊ लागले! मूळ आराखडा टिकून राहिला तो थेट २०१० च्या सुमारापर्यंत. म्हैसूरची जावा १९६१ ची, तीच पुढे येझदी झाली, कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिची टू स्ट्रोकची घडणही फारशी बदलली नाही.

कंपन्या बदलतील कशाला? परवाना राजमध्ये गिऱ्हाईक रांगेत उभे होते, स्पर्धा नव्हती. १९८४-८५ मध्ये सुझुकी, होंडा, यामाहा भागीदारीत येईपर्यंत हेच चालले. त्या काळाला आपण नावे ठेवतो, ती बरोबरच आहेत. पण त्या साचलेपणात एक गोष्ट नकळत घडली. बापाने शिकलेले इंजिन मुलाच्याही हाताखाली आले. म्हापशाच्या पायलटची पिवळ्या मडगार्डची गाडी असो की आदिलाबादच्या शिक्षकाची, बिघाड तेच, सुटे भाग तेच. पुस्तक कुणी वाचले नाही, तरी ठिणगी, पेट्रोल, दाब ही तपासाची त्रिसूत्री देशभर तोंडपाठ झाली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. धूर घटला, हे चांगलेच. परवा माझ्या भाच्याची नवी गाडी डिचोलीला बंद पडली. आमच्या मेस्ताने तिच्याभोवती एक फेरी मारली, हात पुसले आणि सांगितले, "कंपनीत न्या, कॉम्प्युटर लावावा लागेल." त्याला कमीपणा वाटला असावा, कारण चहा घ्यायलाही तो थांबला नाही.

उटनूरच्या मिस्त्रींनी कंडेन्सरचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. "गोव्याहून आलात ना," म्हणाले. दुपारी मारलवाईला पोचलो. जीपचा तो कंडेन्सर पुढे चार वर्षे चालला.