रोमन वाडा आणि आपला वाडा



कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात कांस्याची एक लहानशी मूर्ती आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. ती रोमन जगातल्या समुद्रदेवाची, पोसायडनची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती इतर कांस्यवस्तूंबरोबर सापडली. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळची विटांची घरे उजेडात आणली. आपल्या बेळगावच्या वडगाव-माधवपूरलाही त्याच काळातली वस्ती निघाली आहे.

आता उलट बाजू पाहा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस पर्वताच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. म्हणजे त्यांचा देव आपल्या घरात आणि आपली बाहुली त्यांच्या घरात. म्हणून आज त्यांच्या घरात जरा डोकावू.

रोमन धनिकाच्या घरात शिरले की आपल्याला फारसे परके वाटणार नाही. मध्ये उघडा चौक. छपरे आत उतरती, पावसाचे पाणी चौकातल्या हौदात पडते आणि खालच्या टाकीत साठते. भिंतीच्या कोनाड्यात कुलदेवता. शेतातला वाडा असेल तर मालकाच्या खोल्यांना लागूनच द्राक्षे आणि ऑलिव्ह गाळायचे घाणे. पॉम्पेईजवळच्या बोस्कोरेआले येथील अशाच वाड्याच्या अंगणात ऐंशीहून अधिक मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले सापडले. त्यांत मुख्यतः द्राक्षमद्य असे. आपण पेवात जोंधळा ठेवत होतो, तीच युक्ती. त्याच वाड्यात १८९५ मध्ये दडवून ठेवलेली चांदीची भांडी मिळाली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

हा संसार कसा चालवावा, हे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात केटो नावाच्या जमीनदाराने लिहून ठेवले. कारभाऱ्याच्या बायकोने रोज निजण्यापूर्वी चुलीभोवती झाडून घ्यावे, ठरलेल्या तिथींना चुलीला हार घालावा, असे तो सांगतो. हे वाचताना आजी आठवते. कोबी हे तर त्याचे सर्व रोगांवरचे औषध. माझ्यासारख्या डॉक्टरला ते वाचून हसू येते. पण पुढे हसू मावळते. गुलाम आजारी पडले होते तर त्यांना एवढा शिधा द्यायला नको होता, असे कारभाऱ्याला सुनवावे, असे तो लिहितो. म्हातारे बैल विकावेत, म्हातारा गुलाम विकावा, आजारी गुलामही विकावा, असा त्याचा सल्ला आहे. आजारी माणसाचे जेवण कमी करणारा हिशोब मी आयुष्यभर रुग्ण पाहूनही समजू शकलो नाही.

२०२१ मध्ये पॉम्पेईजवळच्या चिविता जुलियाना येथील वाड्यात सोळा चौरस मीटरची एक खोली मिळाली. उंचावर एक झरोका, भिंती कोऱ्या. तीन लाकडी खाटा, त्यांतली एक जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांब, बहुधा मुलाची. कोपऱ्यात रांजण, खोलीतच रथाचे सामान. संशोधकांच्या मते इथे राबणारी गुलाम माणसे राहत. वाड्याच्या वैभवापेक्षा ही आखूड खाट मला जास्त बोलकी वाटते.

 आपल्या सीमाभागातल्या वाड्यांतले सालगडी आणि रोमन गुलाम एक नव्हेत, हे स्पष्ट सांगतो. पण एक साम्य टोचते. रुग्ण पाहायला मी अनेक वाड्यांत गेलो. सोप्यावर बसून वडीलधारी माणसे सात पिढ्यांची वंशावळ सांगतात. जात्यावर कोण दळत होते, तंबाखूच्या वखारीत कोण राबत होते, परड्यातल्या खोलीत कोण निजत होते, असे विचारले की थोडे थांबून उत्तर येते, "होती कोणीतरी. नाव आठवत नाही."

रोमन माणसाला राखेने जपले. आपल्याकडे अशी राख नाही. आपल्याकडे जेसीबी आहे. निपाणीत काय, बेळगावात काय, वाडे उतरवले जात आहेत. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-बंगळुरास गेली, त्यात कोणाचा दोष नाही. वाडा राहील न राहील. पण तो उतरवण्याआधी दोन कामे आपण करू शकतो. प्रत्येक खोलीचा नकाशा काढून तिथे काय चाले ते लिहावे. आणि जुन्या चोपड्यांत, मजुरीच्या नोंदींत, घरातल्या सर्वांत वृद्ध बाईच्या आठवणीत जी राबणाऱ्यांची नावे उरली असतील, ती उतरवून घ्यावीत. शक्य असेल तर त्यांच्या नातवंडांना भेटावे. ती याच गावात असतात.

त्या आखूड खाटेवर निजणाऱ्या मुलाचे नाव आता कोणालाच कळणार नाही. आपल्या परड्यातली नावे अजून कळू शकतात.